गरिबी डोक्यात की खिशात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली जिल्ह्यातल्या बचत गटांच्या वह्या तपासायचं काम मी चौदा वर्षं करते आहे. बैठक संपली, हप्ते मोजून झाले, चहा आला की हिशेब बाजूला पडतो आणि हे प्रश्न निघतात. हल्ली फोनवरही येतात, बहुतेक रात्री दहानंतर. शब्द मी थोडे नीटनेटके केलेत, प्रश्न विचारणाऱ्यांचेच आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात अडकलेलं असतं, म्हणून नंबर दिलेत.

१. ताई, खरं सांगा, मानसिकता बदलली की माणूस श्रीमंत होतो का?

नुसती मानसिकता बदलून कुणी झालेला मी पाहिला नाही. हातात काहीतरी असेल तर स्वभावाने मोठा फरक पडतो. वाटणीत दोन-दोन एकर बागायत आलेल्या दोन भावांपैकी एक वर जातो आणि दुसरा तिथंच राहतो, तेव्हा जिद्द, व्यसन, हिशेबीपणा हेच बोलतं. पण बागायतदार आणि ऊसतोड मजूर यांच्यातला फरक स्वभावाने समजावायला गेलात की फसाल. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. ही जोडी मुकादमाकडून उचल घेते आणि हंगामभर ती फेडत राहते. म्हणजे पहिली मोळी बांधायच्या आधीच कमाई खर्च झालेली असते. पहाटे थंडीत फडात उतरणाऱ्या त्या बाईला 'मेहनतीची मानसिकता ठेव' असं सांगायची माझी तरी छाती नाही.

माझं म्हणणं एवढंच, की चणचण आधी माणसाचं डोकं खाते आणि मग ते डोकं चुका करतं. हा क्रम उलटा सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यातले काही फीसुद्धा घेतात (प्रश्न ११ पाहा).

२. पण गरीब माणूस चुकीचे निर्णय घेतो हे तर मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याचं काय?

मीही पाहिलंय. शेकडा पाचाने, म्हणजे महिन्याला पाच टक्क्यांनी पैसे घेतात, वर्षाचे साठ टक्के झाले हे त्यांना कळत असतं, तरी घेतात. प्रश्न हा, की त्या वेळी डोक्यात काय चाललेलं असतं?

यावरचा एक गाजलेला अभ्यास आपल्याच पिकावरचा आहे. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांना संशोधकांनी तोडणीआधी आणि तोडणीनंतर अशा दोन्ही वेळी भेटून आकृत्यांची कोडी आणि लक्ष टिकवण्याच्या चाचण्या दिल्या. २०१३ साली निष्कर्ष छापून आले. माणसं तीच, शिक्षण तेच, तरी पैसे यायच्या आधी त्यांना कोडी कमी सुटली. तोडणीआधी त्यांच्यातल्या ७८ टक्के घरांतली काही ना काही वस्तू गहाण होती. तोडणीनंतर हे प्रमाण ४ टक्के होतं. डोकं तेच असतं, पण अर्धं गहाणाकडे लागलेलं असतं.

हे वाचलं तेव्हा मी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, जुनी हिशेबाची वही काढली. माघ-फाल्गुनातली पानं बघावीत: ओळी सरळ, बेरजेखाली दोन रेघा, कोपऱ्यात 'श्री'. भाद्रपद-आश्विनातली पानं त्याच हाताची वाटत नाहीत. खाडाखोड, एकच खताची पावती दोनदा लिहिलेली, एका ठिकाणी बेरीज शंभराने चुकलेली आणि खाली आईच्या अक्षरात 'परत बघा'. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत, उशीर झाला तर पंधरा टक्के व्याज द्यावं, असा नियम १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातच आहे. आमच्या आश्विनातल्या पानांना तो नियम माहीत नसावा.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. या विषयावरचे सगळे प्रयोग पुन्हा करून पाहिल्यावर टिकलेले नाहीत. अमेरिकेत पगाराच्या आधी आणि नंतर अशीच तपासणी झाली, तेव्हा चाचण्यांत फरक दिसला नाही. मला त्याचं नवल वाटत नाही. दर पंधरवड्याला येणारा पगार आणि वर्षातून एकदा येणारं ऊसबिल यांच्या काळज्या एका जातीच्या नसतात.

३. गरिबांना संयम नसतो म्हणून पैसा टिकत नाही, हे विज्ञानानेच सिद्ध केलंय ना? तो मुलांना गोड खाऊ देऊन थांबायला लावायचा प्रयोग?

तो प्रयोग वॉल्टर मिशेल यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्टॅनफर्डमध्ये सुरू केला. आत्ता एक खाऊ घे, नाहीतर थांब आणि दोन घे. जी मुलं थांबली ती पुढे अभ्यासात चमकली, असं म्हटलं गेलं आणि व्याख्यात्यांना आयुष्यभराचा विषय मिळाला. २०१८ मध्ये नऊशेहून जास्त मुलांची माहिती तपासली गेली. घरची परिस्थिती आणि आईचं शिक्षण हिशेबात धरल्यावर थांबण्याचा तो परिणाम बराचसा विरघळला.

मला त्याहून आवडतो तो २०१३ चा छोटा प्रयोग. त्यात काही मुलांना आधी 'थांब, चांगले रंग आणून देतो' असं सांगून संशोधक रिकाम्या हाताने परत आले, काहींना खरंच आणून दिले. मग खाऊची परीक्षा घेतली. ज्यांना दिलेला शब्द पाळला होता ती सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांना फसवलं ती तीन. ज्या घरात 'पुढच्या महिन्यात घेऊ' हे वाक्य दहा वर्षं ऐकलंय आणि पुढचा महिना कधी आला नाही, तिथलं पोर मिळालेली वस्तू लगेच संपवतं. त्याचा हिशेब बरोबरच असतो.

४. लाडकी बहीण, किसान सन्मान असे फुकट पैसे मिळाल्यावर लोक आळशी होत नाहीत का?

हा प्रश्न बहुतेक वेळा पगारदार विचारतात. सहा विकसनशील देशांतल्या सात रोख-मदत योजनांचे आकडे एकत्र पाहिले गेलेत. पैसे मिळाल्यामुळे लोकांनी काम सोडल्याचा ठोस पुरावा त्यात नाही. दारू-तंबाखूवरचा खर्च वाढतो का, यावरचे १९ अभ्यास तपासले गेले, तिथेही वाढ दिसली नाही.

महिन्याला दीड हजारात कुणी काम सोडून बसत नाही. आमच्या गटांत त्या पैशांचं काय होतं ते वहीत दिसतं: थकलेला हप्ता भरला जातो, शाळेचे बूट येतात, सासूचं औषध येतं. योजना परवडते का, निवडणुकीच्या तोंडावर आणावी का, हे वेगळे वाद आहेत. ते घालावेत, पण आळसाच्या नावाखाली घालू नयेत.

५. मराठी माणसाची मानसिकताच धंद्याची नाही, हे तरी मान्य कराल?

नाही करणार. माझ्या घरापासून तासाभरावर किर्लोस्करवाडी आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवायचे. बढतीच्या वेळी त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियनला घेतलं, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला आले. तिथं सायकलींचं दुकान, मग कडबा कापायची यंत्रं, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीला विष चढतं अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे पहिले नांगर बरेच दिवस पडून राहिले. हा भाग सगळ्या भाषणांत असतो: जिद्द, चिकाटी, मराठी बाणा. पुढचा भाग वक्ते घाईने उरकतात. बेळगावच्या नगरपालिकेने जागा सोडायला लावली तेव्हा औंधच्या संस्थानिकांनी कुंडल रोड स्टेशनजवळची जमीन दिली आणि १९१० मध्ये तिथं कारखाना उभा राहिला, तीच किर्लोस्करवाडी. जिद्द बेळगावातही होती आणि कुंडलमध्येही तेवढीच होती. मधे फक्त जमीन मिळाली.

दुसरी गोष्ट कोल्हापूरची. गंगाराम कांबळे यांनी शाहू महाराजांच्या मदतीने चहाचं हॉटेल काढलं. ठेवलं स्वच्छ, चहा चांगला, माणूस कष्टाळू. गिऱ्हाईक येईना, कारण चालवणारा अस्पृश्य. महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा सगळ्यांदेखत प्यायला लागले, सोबतच्यांनाही पाजायला लागले, तेव्हा कोंडी फुटली. यात मानसिकतेचा दोष होताच, पण तो काउंटरच्या अलीकडे उभा होता. धंदा करणाऱ्याची मानसिकता सगळे तपासतात, गिऱ्हाइकाची कोण तपासतो?

६. संतांनी समाधान मानायला शिकवलं, म्हणून आपण मागे राहिलो का?

तुकाराम महाराज महाजन घरातले, दुकान चालवणारे. दुष्काळात घर उद्ध्वस्त झालं. परंपरा सांगते, की लोकांकडून येणं असलेल्या कर्जखतांतला आपल्या वाट्याचा निम्मा भाग त्यांनी इंद्रायणीत सोडला आणि भावाच्या वाट्याची कर्जखतं भावाकडे राहू दिली. विरक्तीच्या क्षणीही वाटणीचा हिशेब चोख. यावरून आळस कसा शिकायचा मला कळत नाही.

७. काही लोकांना मोठं व्हायची इच्छाच नसते. त्यांना कसं जागं करायचं?

इच्छा डोळ्यांनी पाहिलेल्या माणसांवरून तयार होते. पश्चिम बंगालमध्ये ४९५ गावांचा अभ्यास झाला. जिथं सरपंचपद दोन वेळा महिलांसाठी राखीव राहिलं, तिथं मुलगा आणि मुलगी यांच्याबद्दलच्या आईबापांच्या अपेक्षांतली दरी कमी झाली, आणि खुद्द मुलामुलींच्या मनातली तर आणखी कमी झाली. कुणी भाषण दिलं नव्हतं. ग्रामपंचायतीच्या खुर्चीवर बाई बसलेली पोरींनी रोज पाहिली, एवढंच.

आपल्याकडचं उदाहरण माणदेशातलं आहे. म्हसवडला चेतना सिन्हा आणि तिथल्या बायकांनी स्वतःची बँक काढायचं ठरवलं, तेव्हा रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला, कारण बऱ्याच सभासदांना लिहिता-वाचता येत नव्हतं. बायका लिहायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, कुठल्याही रकमेवरचं व्याज विचारा, आम्ही तोंडी काढून दाखवतो. १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक सुरू झाली. इच्छा आधीपासून होती, हिशेबही येत होता. अडलं होतं सहीपाशी.

८. मी भावाचं सावकाराचं कर्ज एकरकमी फेडलं. वर्षात पुन्हा कर्ज. ही मानसिकता नाही तर काय?

तुमचा राग समजतो. चेन्नईच्या बाजारातल्या छोट्या विक्रेत्यांसह तीन ठिकाणी संशोधकांनी हेच केलं: लोकांचं सावकारी कर्ज स्वतः फेडून टाकलं. बहुतेक जण सहा आठवड्यांत पुन्हा कर्जात होते. म्हणजे तुमच्या भावाने वर्ष काढलं हे तसं बरंच.

कर्ज फिटलं तरी घरात शिल्लक शून्यच असते. पहिलं आजारपण, पहिली मयत, पहिला बंद पडलेला पंप, की माणूस त्याच दारात. म्हणून मी सांगते: पंधरा हजार द्यायचे असतील तर बारा कर्जाला द्या आणि तीन त्याच्या बायकोच्या गटातल्या खात्यावर टाका. आमच्याकडे गटातून कर्ज शेकडा दोनने मिळतं, आणि दर महिन्याला दहा बायकांसमोर हप्ता ठेवावा लागतो. ती लाज कामाची असते. भाऊ पिणारा असेल तर मात्र ही युक्ती चालणार नाही. तिथं आधी दारूवर उपचार.

९. गाय दिली, शेळ्या दिल्या, तरी लोक विकून खातात. मग देऊन उपयोग काय?

किती दिलं त्यावर आहे. बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने २००७ पासून अतिगरीब बायकांना जनावर आणि प्रशिक्षण दिलं. पुढे कित्येक वर्षं त्या घरांचा माग ठेवला. ज्यांच्याकडे आधीचं थोडंफार होतं, ती घरं गायीमुळे एका पातळीच्या वर गेली आणि वाढतच राहिली. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं, ती गाय मिळूनही त्या पातळीच्या खाली राहिली आणि हळूहळू मूळ पदावर आली. अभ्यासकांचा निष्कर्ष असा, की खालच्यांची लायकी कमी नव्हती, सुरुवात कमी होती.

गावाकडे हे कुणालाही कळेल. एका गाईच्या दुधावर गाईचीच पेंड निघते. दुसरी गाय आली, वैरणीला पाव एकर असलं, दूध घालायला सायकल असली, की मग चार पैसे उरतात.

१०. आर्थिक साक्षरतेच्या शिबिराने तरी मानसिकता बदलते ना?

मी स्वतः शेकड्याने शिबिरं घेतलीत, म्हणून जपून सांगते: थोडी. वेळ जास्त महत्त्वाची. केनियात शेतकऱ्यांना खताचं महत्त्व पटलेलं होतं, घ्यायची इच्छा होती, आणि पेरणीपर्यंत पैसे संपलेले असायचे. त्यांना पीक निघाल्याबरोबर, हातात पैसे असताना, पुढच्या हंगामाचं खत घ्यायची सोय करून दिली तर वापर वाढला. तेव्हापासून मी शिबिर बिल जमा झाल्याच्या आठवड्यात घेते आणि फळा पुसायच्या आधी आवर्ती ठेवीचे फॉर्म भरून घेते. आश्विनातल्या शिबिराला गर्दी होते, फॉर्म भरले जात नाहीत.

११. 'श्रीमंतांची मानसिकता' शिकवणारा कोर्स आहे, फी पंचवीस हजार. करू का?

तीन गोष्टी विचारा. कमाई माल विकून होणार की माणसं जोडून? फक्त माणसं जोडून असेल तर ती साखळी योजना. १९७८ च्या कायद्याने अशा योजनांवर बंदी आहे आणि २०२१ च्या थेट विक्री नियमांनीही ती मनाई केली आहे. शेअर बाजार शिकवणार असतील तर सेबीचा, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेचा, नोंदणी क्रमांक मागा. आणि 'ऑप्शन्स' (शेअरच्या पुढच्या भावावरचे सौदे) हा शब्द आला तर उठा: सेबीच्याच अहवालाप्रमाणे २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या ९३ टक्के वैयक्तिक व्यवहारदारांचा तोटा झाला, एकूण १.८ लाख कोटींहून जास्त.

मी एकदा अशा सभेला गेले होते. वातानुकूलित हॉल, ढोल, सगळ्यांनी उभं राहून 'मी करोडपती' म्हणायचं. माझ्या शेजारच्या मुलाने गाडी गहाण ठेवून फी भरली होती. तोटा झाला की 'तुमचाच विश्वास कमी पडला' असं सांगायची सोय त्या धंद्यात आहे. किराणा दुकानदाराला असं म्हणता येत नाही.

१२. माझा पगार नव्वद हजार आहे, तरी महिनाअखेर शून्य. माझं पण चणचणीमुळेच म्हणायचं?

नाही, तुमचं खरंच मानसिकतेचं आहे. प्रश्न २ चा आधार तुम्ही घेऊ नका. पगार जमा होतो त्याच तारखेला एसआयपी (म्युच्युअल फंडातला महिन्याचा हप्ता) आणि आवर्ती ठेव आपोआप कापली जाईल असं करा, उरलेल्यावर घर चालवा. मोबाइलचा हप्ता चालू असताना दुसरा मोबाइल घेऊ नका. यापलीकडे मला काही सांगायचं नाही. अपवाद एकच: पगारातून गावाकडचं आजारपण किंवा बहिणीचं शिक्षण चालत असेल, तर पुढचा प्रश्न वाचा.

१३. घरात पहिला कमावता मीच. सगळे मागतात. नाही म्हटलं तर 'पैसा आला आणि माणूस बदलला' म्हणतात.

हा प्रश्न मला सर्वांत जास्त येतो, बहुतेक पुण्या-मुंबईला नोकरीला लागलेल्या मुलांकडून. यांना कुठलाही कोर्स उपयोगाचा नाही. ज्या चुलत्याने कॉलेजच्या पहिल्या वर्षाची फी भरली, तो आज पत्र्यासाठी मागतोय. त्याला मुदत ठेवीचं कारण सांगता येत नाही. आणि सांगूही नये. अडीअडचणीला भावकीने उभं राहायचं, हा गरिबांचा विमाच आहे, तुम्हीही त्यावरच शिकलात.

करायचं असं. वर्षाची एक रक्कम मनाशी ठरवा आणि ती वेगळ्या खात्यात ठेवा. त्यातूनच द्यायचं. संपलं की 'यंदाचं संपलं, दिवाळीनंतर बघू' असं खरं सांगता येतं, खोटं बोलावं लागत नाही. उसने म्हणून देऊ नका, द्यायचे तर दिले समजा. कर्जाला जामीन राहू नका, मामा असला तरी. त्याऐवजी घरच्यांचा आरोग्य विमा उतरवा आणि सरकारी आरोग्य योजनेची कार्डं काढून द्या, कारण निम्मी मागणी दवाखान्याची असते.

१४. आता सगळं बरं आहे. कर्ज नाही, घर झालं. तरी स्वतःवर पाचशे खर्च करताना छातीत धडधडतं. हे जातं का?

कमी होतं, पूर्ण जात नाही. दारात गाडी असलेल्या बायका माझ्यासमोर दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालतात. त्याला मी दोष मानत नाही. पण तो पीळ धंद्यात शिरला की नुकसान होतं. एका पापड करणाऱ्या ताईंनी दोन मोठ्या ऑर्डरी सोडल्या, कारण चौदा हजारांचं यंत्र घ्यायला हात उचलेना. खात्यावर तेव्हा सव्वा लाख होते. आम्ही एवढंच केलं: सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढी रक्कम दुसऱ्या बँकेत मुदत ठेवीत टाकली आणि पावती देव्हाऱ्यातल्या डब्यात ठेवली, रोज दिसेल अशी. तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. यंत्र घेतलं होतं. विचारायचं होतं ते वेगळंच: पावती डब्यात राहिली तर चालेल ना, की बँकेत परत द्यावी लागते?